शिकारीचं पारंपरिक धनुष्य: पौंडांचा आकडा कसा ठरवायचा

‘किती पौंडांचं घेऊ?’ असं विचारणारा माणूस सहसा मनात आकडा ठरवूनच आलेला असतो, आणि तो आकडा त्याला पेलणाऱ्या ओढीपेक्षा दहा-पंधरा पौंडांनी जास्त असतो. माझंही तेच झालं. पहिलं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, घेतलं ते ५५ पौंडांचं. घेताना उभ्याउभ्या तीनदा ओढून पाहिलं, जमलं, घेऊन आलो. पहिला महिनाभर दोरी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत यायची. तिसऱ्या महिन्यात ती दोन बोटं अलीकडेच थांबायला लागली. मग बाण मला न विचारताच सुटायला लागले, नेम लक्ष्यावरून नुसता सरकला तरी बोटं उघडायची. ही खोड घालवायला ३० पौंडांच्या धनुष्यावर जवळजवळ वर्ष काढावं लागलं.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी खांदा, जनावर नंतर. तुम्हाला किती पेलतं ते आधी काढायचं आणि मग ते शिकारीला पुरतं का ते बघायचं.

पात्यावरचा आकडा

धनुष्याच्या पात्यावर, म्हणजे मुठीच्या वरच्या किंवा खालच्या वाकणाऱ्या भागावर, ‘४५ पौंड, २८ इंच’ अशा अर्थाची खूण असते. (‘लिम्ब’ला मी पातं म्हणतो. ‘लिंबं बदलली’ म्हटलं की ऐकणारा भलतंच समजतो.) खुणेचा अर्थ इतकाच की दोरी २८ इंचांपर्यंत ओढली तर बोटांवर ४५ पौंडांचा, म्हणजे साधारण साडेवीस किलोंचा ताण येतो. ही लांबी मोजायची रीत ठरलेली आहे. बाणाच्या खाचेपासून मुठीच्या सर्वांत खोल भागापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यात पावणेदोन इंच मिळवायचे. त्यामुळे ‘२८ इंच’ लिहिलेलं असतं तेव्हा दोरी मुठीपासून प्रत्यक्षात सव्वासव्वीस इंचांवर असते.

२८ इंच हे बनवणाऱ्यांनी सोयीसाठी धरलेलं माप आहे, तुमच्या हातांचं नव्हे. ४५ पौंडांच्या आसपासचं धनुष्य शेवटच्या टप्प्यात दर इंचाला साधारण अडीच पौंड चढतं. तुमची ओढ २६ इंच असेल तर तेच ‘४५’चं धनुष्य तुमच्या हातात चाळिशीत येतं आणि ३० इंच असेल तर पन्नाशीला टेकतं. दुकानात एकच धनुष्य दोघांनी ओढलं तर दोघांच्या बोटांना वेगळा आकडा लागतो, हे विक्रेता सांगेलच असं नाही.

मुठीचा मधला भाग (रायझर) वेगळा आणि पाती वेगळी अशी आयएलएफ नावाच्या पद्धतीची जोडणी असेल तर आणखी एक भानगड असते. पात्यांवरचा आकडा सहसा २५ इंची रायझर गृहीत धरून लिहिलेला असतो. शिकारीसाठी लोक १७ किंवा १९ इंचांचा आखूड रायझर घेतात आणि त्यावर तीच पाती काही पौंडांनी जड होतात. त्या पद्धतीत बोल्ट फिरवून पौंड साधारण दहा टक्के खालीवर करता येतं, हा मात्र फायदा.

मित्राच्या कंपाउंडशी, म्हणजे चाकं लावलेल्या आधुनिक धनुष्याशी, तुलना तर करूच नका. ७० पौंडांचं कंपाउंड पूर्ण ओढल्यावर त्याच्या चाकांमुळे ८० टक्के भार उतरतो आणि हातात १४ पौंड उरतात. तुमच्या ४५ पौंडांच्या रिकर्व्हवर त्या क्षणी पूर्ण ४५ पौंड असतात, म्हणजे त्याच्या तिपटीहून जास्त.

पायरी पहिली: स्वतःची ओढ मोजा

त्यासाठी हलकं, २० ते २५ पौंडांचं धनुष्य हवं. जड धनुष्यावर माणूस नकळत कमी ओढतो आणि माप चुकतं. लांब बाण लावा, नेहमीसारखे उभे राहा, दोरी गालाला किंवा ओठाच्या कोपऱ्याला टेकवा आणि पाठ पूर्ण ताणा. शेजारच्याने, समोरच्याने नव्हे, मुठीच्या खोल भागासमोर बाणावर पेन्सिलीने खूण करावी. सावकाश दोरी परत सोडा. असं पाच वेळा करा. पहिल्या खुणा बहुतेक पुढेमागे पडतात, चौथ्या-पाचव्यापर्यंत त्या एका जागी यायला लागतात. खाचेपासून त्या खुणेपर्यंत मोजा आणि पावणेदोन इंच मिळवा.

कोणी सोबत नसेल तर दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजतात आणि अडीचने भागतात. ७० इंचांचा पसारा असेल तर २८. अंदाजाला ठीक आहे, खरेदीला नाही. पारंपरिक धनुर्धर कोपर थोडं वाकवून, कंबरेत किंचित पुढे झुकून नेम धरतो, त्यामुळे त्याची खरी ओढ या हिशेबापेक्षा अर्धा-एक इंच कमी भरते.

पायरी दुसरी: धनुष्य तराजूला लावा

हुकाचा साधा ताणकाटा पुरतो. काटा मजबूत खुंटीला टांगा, दोरी हुकात अडकवा आणि धनुष्य दोन्ही हातांनी खाली ओढत न्या. तुमच्या ओढीची खूण केलेला बाण दोरीवर असेल तर नेमकं कुठे थांबायचं ते कळतं. आकडा वाचा आणि हळू परत या. दोरी हुकातून निसटू देऊ नका. बाणाशिवाय सुटलेल्या दोरीचा सगळा झटका पात्यांना बसतो आणि चांगली पातीसुद्धा एका झटक्यात तडकतात.

वेळ असेल तर शेवटचे चार इंच एकेक करून मोजा. दर इंचाला दोन, अडीच, अडीच असं चढत गेलं तर धनुष्य तुमच्या ओढीला साजेसं आहे. शेवटच्या इंचाला अचानक चार पौंड चढले तर ते धनुष्य तुमच्यासाठी आखूड आहे. झाडीत सोयीचं म्हणून लोक ५२ इंचांचं धनुष्य घेतात आणि लांब हातांचा माणूस ते ओढताना शेवटी भिंतीला धडकल्यासारखा थांबतो. शिवाय दोरीचा कोन अरुंद होऊन बोटं चिमटतात. २८ इंच ओढीला ५८ ते ६२ इंचांचं रिकर्व्ह किंवा त्याहून लांब लाँगबो (टोकं न वळलेलं धनुष्य) सुखाचं जातं.

पायरी तिसरी: पेलतं की नुसतं ओढलं जातं?

माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो. कोणतंही धनुष्य एकदा ओढता येतं, शिकारीत लागतं ते वेगळंच. तासन्‌तास न हलता बसायचं, अंगात गारठा भरलेला, जाड बाह्यांचा कोट घातलेला, पाय अवघडलेले. जनावर वीस पावलांवर येतं. आता उठायचं नाही, धनुष्य वर उचलायचं नाही, डोळ्याने टिपता येणार नाही इतक्या सावकाश दोरी मागे न्यायची. तेवढ्यात जनावर मान वर करतं. तुम्ही पूर्ण ओढलेल्या अवस्थेत थांबता. ते मान खाली घालेपर्यंत चार सेकंद, कधी सहा.

तेव्हा चाचणीही तशीच घ्यायची. खुर्चीच्या कडेवर बसा आणि दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर उचला. आता पायांचा आणि कंबरेचा आधार गेला. धनुष्याचा हात आधी लक्ष्याकडे सरळ धरा आणि मगच दोरी मागे न्या. धनुष्य आकाशाकडे नेऊन, खाली आणताना झटक्याने ओढावं लागलं तर ते तुमचं नाही. दोरी ठरलेल्या जागी टेकली की मनात सहापर्यंत मोजा. या वेळी बाणाचं टोक बघा. ते थरथरत असेल तर समजून घेता येईल, पण ते हळूहळू पुढे सरकत असेल, म्हणजे ओढ आतून कमी होत असेल, तर चाचणी संपली. ते जागेवर राहिलं तर बाण न सोडता दोरी तितक्याच सावकाश पुढे आणा. परत आणताना माणूस सर्वांत उघडा पडतो. पेलत नसलेलं धनुष्य शेवटच्या हातभर अंतरात हातातून हिसकावून जातं.

हे सलग दहा वेळा, मध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दहाव्या वेळी पुढचा खांदा कानाकडे चढला नसेल आणि हनुवटी दोरीच्या भेटीला पुढे गेली नसेल, तर हा आकडा तुमचा. खांदा चढला तर पाच पौंड खाली उतरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करून बघा, त्याच दिवशी नाही. थकलेल्या खांद्यावर घेतलेली चाचणी खोटी बोलते.

यात मोबाइल कामाला येतो. बाजूने व्हिडिओ घ्या. आपण पूर्ण ओढतोय अशी प्रत्येकाची खात्री असते. माझीही होती, आणि पहिला व्हिडिओ बघून मला तो दुसऱ्याचाच वाटला. कोपर बाणाच्या रेषेत मागे पोचलेलंच नव्हतं.

पायरी चौथी: कुठून सुरू करायचं, कसं चढायचं

कधीच धनुष्य न धरलेल्या धडधाकट पुरुषाने २५ ते ३०, बाईने २० ते २५ पौंडांवर सुरुवात करावी. व्यायामशाळेत छाती कमावलेला माणूस इथे हमखास फसतो. धनुष्य ओढायचं ते छातीने नाही, दोन खांदेफळ्यांच्या मधल्या आणि खालच्या स्नायूंनी, आणि ते रोजच्या कामात फारसे वापरले जात नाहीत. शांतपणे पोहणारा किंवा होडी वल्हवणारा त्याच्यापेक्षा लवकर चढतो.

पाती बदलता येतील असंच पहिलं धनुष्य घ्या. एकसंध लाकडी धनुष्याचा मोह मलाही आहे, पण ते वाढत नाही, आणि पहिल्या दोन वर्षांत तुमचा आकडा दोन-तीनदा बदलणार आहे. चढायचं ते पाच-पाच पौंडांनी. आठवड्यात चार दिवस, दिवसाला चाळीस-पन्नास बाण, असा सराव असेल तर एका पायरीवर दोन ते तीन महिने लागतात. कॅलेंडर बघून वर जाऊ नका, चाचणी बघून जा. जास्त पौंडांच्या पात्यांवर गेल्यावर पहिले काही आठवडे बाणांची संख्या निम्मी करा आणि उरलेला सराव जुन्या पात्यांवर.

खांद्याच्या टोकाला आतून कळ यायला लागली, रात्री त्या कुशीवर झोपता येईना झालं, तर सराव थांबवा. पाठीचे स्नायू दुखणं वेगळं, ते दोन दिवसांत जातं. सांध्यातली कळ पौंड कमी केल्याशिवाय जात नाही. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवरची धनुष्यं वर काढली, तेव्हा त्यांची ओढ शंभर ते एकशेऐंशी पौंडांच्या दरम्यान असावी असा अंदाज निघाला. ही गोष्ट लोक फुशारकीने सांगतात. त्याच जहाजावरच्या अनेक सांगाड्यांत खांद्याच्या टोकाचं हाड नीट जुळून आलेलं नव्हतं, आणि लहानपणापासून जड धनुष्य ओढल्याचा तो परिणाम मानला जातो, हे मात्र कोणी सांगत नाही.

पायरी पाचवी: आता जनावर

हरणाच्या आकाराच्या जनावराला, जवळून आणि धारदार फाळाच्या बाणाने, तुमच्या ओढीवर भरणारे ४० ते ४५ पौंड पुरतात. रानडुकराची खांद्यावरची कातडी जाड असते, तिथे ४५ ते ५० बरे. एल्क, मूस अशा मोठ्या जनावरांना ५० आणि वर. सशासारख्या लहान शिकारीला ३० सुद्धा चालतात.

खालची मर्यादा अनेक ठिकाणी कायदाच घालतो. अमेरिकेत कॉलोराडो राज्यात किमान ३५ पौंड लागतात. अलास्कात हरणाला ४० आणि मूस-एल्कला ५०. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार वन्य प्राण्यांवर धनुष्य चालवताच येत नाही, तर भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच बंद आहे. अशा ठिकाणी हीच धनुष्यं फोमच्या जनावरांवर चालवली जातात, आणि पौंड निवडायची रीत तिथेही बदलत नाही. जिथे शिकार करायची तिथला नियम त्या हंगामाआधी नव्याने वाचावा.

४५ पौंडांना जे कमी लेखतात त्यांना मी इशीची आठवण करून देतो. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांसमोर आला. सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याबरोबर शिकार केली आणि त्याची धनुष्यं मोजून ठेवली. इशीच्या शिकारीच्या धनुष्याची ओढ पंचेचाळीसच्या आसपास होती. तेवढ्यात तो हरीण पाडायचा, कारण जनावराच्या जवळ कसं जायचं हे त्याला येत होतं.

पायरी सहावी: पाच पौंडांनी काय मिळतं, बाणाने काय मिळतं

एकाच घडणीची दोन धनुष्यं घ्या, एक ४५ चं आणि एक ५० चं. बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, एका ग्रॅमला साधारण साडेपंधरा ग्रेन. शिकारीला दर पौंडामागे ९ ते १० ग्रेनचा बाण चांगला. आठच्या खाली गेलं की धनुष्य खडखडतं, आवाज वाढतो, पात्यांवर ताण येतो. १० ग्रेनच्या हिशेबाने ४५ ला ४५० ग्रेन आणि ५० ला ५०० ग्रेनचा बाण झाला. दोन्ही जवळजवळ सारख्याच वेगाने सुटतात, सेकंदाला साधारण ५२ मीटर. म्हणजे वाढवलेल्या पाच पौंडांनी वेग मिळाला नाही, जड बाण फेकण्याची ताकद मिळाली. संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, अकरा टक्क्यांनी वाढला.

आता ४५ च्याच धनुष्यावर ५४० ग्रेनचा बाण लावा. वेग ४८ मीटरच्या आसपास उतरतो, पण संवेग ५० पौंडांच्या धनुष्याएवढाच होतो. पाच पौंड खांद्यावर न घेता बाणात घातले, इतकंच. बाण थोडा लवकर खाली पडतो, पण पंधरा-वीस मीटरवर तेवढं सवयीने सांभाळता येतं.

‘वेग हवा, नाहीतर जनावर आवाज ऐकून उडी मारतं,’ हा आक्षेप नेहमी येतो. हिशेब करून बघा. १८ मीटरवर ५२ च्या वेगाचा बाण ०.३५ सेकंदात पोचतो, ५५ च्या वेगाचा ०.३३ सेकंदात. आवाज दोन्ही वेळा ०.०५ सेकंदात पोचलेला असतो. सेकंदाच्या दोन शतांशांसाठी खांदा पणाला लावण्यापेक्षा दोरीवर लोकरीचे गोंडे बांधून धनुष्य गप्प करावं.

पौंड बदलले की बाणही बदलावा लागतो, हे पुष्कळांना पैसे खर्च झाल्यावर कळतं. बाणाची दांडी किती लवते याला स्पाइन म्हणतात. २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर दांडी ठेवून मधोमध ८८० ग्रॅम टांगले आणि ती अर्धा इंच लवली की ५०० स्पाइन. ४५ पौंडांना साधारण ५००, तर ३५ ला ६०० किंवा ७०० लागते. टोकाचं वजन आणि दांडीची लांबी यांवर ते हलतं. खात्री करायची तर पिसं न लावलेला एक बाण पिसं लावलेल्यांबरोबर सोडा. उजव्या हाताच्या माणसाचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर दांडी कडक आहे, उजवीकडे लागला तर मऊ.

पंचेचाळीसच्या खाली असाल तर बाणाला दोनच धारांचा, लांबट आणि अरुंद फाळ लावा. तीन-चार धारांचे रुंद फाळ आत घुसवायला जी ताकद लागते ती हलक्या धनुष्याजवळ नसते. धार मनगटावरचे केस निघतील अशी हवी.

हंगामाच्या आधी

शिकारीचा हंगाम दोन महिन्यांवर आला की पौंड वाढवू नका, त्या वेळी जे हातात आहे तेच. रोज सकाळी अंग मोकळं न करता, कोट घालून, बसून एकच बाण सोडा आणि तो कुठे लागला ते लिहून ठेवा. शिकारीत तो एकच बाण असतो, पन्नासावा नव्हे. जाड बाहीत दोरी अडकत असेल तर तेव्हाच कळेल, आणि कोटामुळे ओढ इंचभर कमी झाली असेल तर काट्यावर अडीच पौंड गेलेलेही दिसतील. हे सकाळचे बाण आठवडाभर पसरत राहिले तर पाच पौंड हलकी पाती लावून त्या हंगामात जा. मात्र त्या भागातल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका.

जुनी हलकी पाती विकू नका. आजारपणातून उठल्यावर, दोन महिने धनुष्याला हात लागला नाही तर, किंवा बोटं पुन्हा आपोआप उघडायला लागली तर तीच काढायची. माझी ३० ची पाती अजून भिंतीवर आहेत, आणि वर्षातून दोनदा तरी खाली येतात.